तांबडा शेरा

अभयचं लग्न ठरलं तर म्हेतरकाकांना मिळणार होता एक खिळा. आमच्या मंडळाच्या भिंतीवर तोवर नव्याण्णव लग्नांचे फोटो लागले होते आणि शंभराव्यासाठीचा खिळा काकांनी दिवाळीच्या साफसफाईत स्वतः ठोकून ठेवला होता. सातपुत्यांना मिळणार होता निर्व्यसनी जावई. ऑटोलूमचा मेकॅनिक, हाताला काम भरपूर, घरात सासू नाही, सासरा नाही, एक नणंद, तीही दिवसभर ऑफिसात. अभयला मिळणार होती मंजिरी, आणि तिच्यापलीकडे त्याला काही नकोच होतं. यातली नणंद म्हणजे मी. मला काय मिळणार होतं हे मी तेव्हा मांडलंच नव्हतं. दुसऱ्याचं मांडायला माझा हात चांगला चालतो.

सातपुते नवरा-बायको बाकावर बसले होते. चहा झाला. काकांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला, मी अभयचं पान उघडलं, आणि आम्ही दोघं रिवाजाप्रमाणे गॅलरीत जाऊन उभे राहिलो.

"किती वेळ लावतील?" मी विचारलं.

"तुझ्या भावाचं हाय म्हणून घाई व्हय?" काका म्हणाले. "वाचू दे की. पोरगी द्यायची हाय, एसटीचं तिकीट काढायचं न्हाई."

एसटीचं उदाहरण काकांना जवळचं. इचलकरंजीच्या स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत त्यांची हयात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी औषधाच्या दुकानावरच्या माडीत 'शुभयोग वधू-वर सूचक मंडळ' काढलं. गावात मंडळं आणखी चार होती. पण लोक काकांकडे येत ते शेऱ्यासाठी. प्रत्येक मुलाची चौकशी काका जातीनं करायचे, आणि तीही तीन गल्ल्यांत: राहतो ती, काम करतो ती, आणि संध्याकाळी उभा राहतो ती. जे कळेल ते मुलाच्या कागदावर उजव्या समासात तांबड्या शाईनं लिहायचे. चांगलं असेल तर समास कोरा. तोंडानं मात्र कुणाबद्दल वावगा शब्द नाही. वाचायला कागद द्यायचा आणि आपण खोलीबाहेर जायचं. "वाईट वाचताना माणसाला एकटं सोडावं," असं ते म्हणत.

पुढं कागद गेले आणि कॉम्प्युटर आला. पासवर्ड घातल्यावर उघडणारं मंडळाचं पान तयार झालं. काकांची अट एकच होती, शेरा उजवीकडंच पाहिजे आणि तांबडाच पाहिजे. सातपुते आले त्याच आठवड्यात कुरुंदवाडच्या एका मुलाच्या पानावर काकांनी सांगितलेला शेरा मी टाइप केला होता: 'राग आला की हात उठतो. दोन घरांतून खात्री केली.' मुलगा पुण्याला इंजिनिअर, घरची ऊसशेती. काकांनी शेऱ्यात शेतीचा उल्लेखसुद्धा केला नाही.

अभयचा समास मी चारदा बघितला होता. कोरा.

दहा मिनिटांनी सातपुते बाहेर आले. मघाशी चहाला नको नको म्हणत दोन कप घेणारा मोकळा माणूस, आता चपला घालताना खाली बघत होता.

"कळवतो," ते म्हणाले.

त्यांच्या बायको शकुंतलाबाई मात्र माझ्याजवळ थांबल्या. माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाल्या, "लई सोसलंसा हो बाई तुम्ही. एकटीनं."

मला वाटलं, आईवडील लवकर गेले, भावाला मी वाढवलं, त्याबद्दल म्हणत असतील. मी म्हटलं, "सवय झालीय हो."

त्यांचे डोळे भरले. एवढं काय त्यात, हे मला कळेना.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

हा निरोप आमच्या धंद्यात रोजचा. सरळ नाही म्हणायचं नसलं की माणसं ग्रहांवर ढकलतात. पण इथं ग्रहांचीही बाजू पक्की होती. महिन्याभरापूर्वी मी ब्राउझरमध्ये एक गुणमिलनाचं बटण बसवलं होतं, फुकटातलं. दोघांच्या जन्मवेळा घातल्या की छत्तीसपैकी किती ते क्षणात सांगणारं. त्याआधी पत्रिका घेऊन रामदासी गुरुजींकडे जायचं, ते तीन दिवस लावायचे, आणि 'स्वच्छ अक्षरात वेळ लिहीत जा' म्हणून वर बोलायचे. बटण आल्यापासून मी पाचला घरी जात होते. त्या बटणानं अभय-मंजिरीचे एकोणतीस गुण दिले होते.

"बटणाचं काय खरं," काका म्हणाले. "गुरुजींना दाखव."

मी मान खाली घालून गुरुजींकडे गेले. मनातून संशय होता की यांनीच सातपुत्यांचे कान भरले असणार. बटणानं सगळ्यात जास्त कुणाचं गेलं असेल तर यांचंच. गुरुजींनी महिन्याभराचा राग चेहऱ्यावर ठेवून पंचांग काढलं, बोटं मोजली, आणि म्हणाले, "एकोणतीस. तुझ्या यंत्राचे किती?"

"एकोणतीसच."

"मग यंत्राला विचार की, का मोडलं ते."

म्हणजे गुरुजी नव्हेत. मग काका? मी त्यांच्या नकळत पुन्हा अभयचं पान उघडून बघितलं. समास कोराच. आणि घरी अभय माझ्याकडेच संशयानं बघायला लागला होता.

"ताई, तू काय लिहिलंयस माझ्याबद्दल?"

"मी कशाला काय लिहू?"

"मंजिरीचा फोन आला होता. तिच्या आईनं तिला सांगितलं, पोरगा चांगला असंल पण घरातनं लपवत्यात. काय लपवतोय आपण?"

"मला काय माहीत?"

"तूच तर सगळं लिहितीस तिथं." ताटावरून तो उठला. त्या आठवड्यात मी डबा भरायची आणि तो तसाच परत आणायचा.

बरं, घोळ आमच्या घरापुरता असता तरी समजलं असतं. पण त्याच पंधरवड्यात काकांच्या तालमीतल्या पोराचं स्थळ परत आलं. सव्वीस वर्षांचा पैलवान, मोटारसायकल उचलून नाल्यापलीकडे ठेवणारा. मुलीचे मामा जाता जाता काकांना म्हणाले, "पोरगा झकास हाय ओ, पर एवढ्या कमी वयात गुडघं गेलं म्हंजे..."

काका बघतच राहिले. "कुणाचं गुडघं?"

"ऱ्हाऊ दे. तुम्ही लिवलंय ते बरं केलंसा." असं म्हणून मामा जिना उतरून गेले. स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून.

मग वरुट्यांच्या घरून फोन आला. त्यांनी वाचलेला मुलगा शिक्षक, डोक्यावर दाट केस. मुलीच्या आईनं विचारलं, "केस त्यांचे स्वतःचेच आहेत ना?"

"शैला," काका त्या संध्याकाळी म्हणाले, "गावाला काय झालंय? मी लिहीत न्हाई ते लोक वाचत्यात."

खुर्चीत बसून ते नव्याण्णव फोटोंकडे बघत होते. मी पहिल्यांदाच त्यांना गोंधळलेलं बघितलं. चष्मा काढायचे, पुसायचे, परत घालायचे. तीन गल्ल्यांतली चौकशी त्यांना कळत होती. ही चौथी गल्ली कुठली, ते त्यांना कळेना, आणि मला तर त्याहून नाही.

सोमवारी दुपारी मंजिरी आली. एकटी. काका बँकेत गेले होते. आमच्याकडे पहिल्या भेटीला मुलीला आणायची पद्धत नव्हती, आईवडील येऊन कागद वाचून जायचे. मुलीनं आपण होऊन यायचं तर प्रश्नच नव्हता. ती बाकावर बसली, पर्स मांडीवर, पाठ ताठ.

"आमच्या आईबाबांनी काय वाचलं, ते मला वाचायचंय," ती म्हणाली.

"अगं, तुझ्या बाबांना कळलं तर?"

"मोडलंच आहे की ते. आता आणखी काय मोडणार?"

मी अभयचं पान उघडलं, पडदा तिच्याकडे वळवला आणि सवयीनं गॅलरीकडे निघाले.

"तुम्ही का चाललाय?"

"रिवाज आहे. एकटीनं वाचायचं."

"मला एकटीनं नाही वाचायचं. तुम्ही बसा." आणि मग जरा टोचून, "तुमचाच भाऊ आहे ना, वन्सं?"

वन्सं म्हणाली म्हणून मी बसले. सात वर्षांत पहिल्यांदाच त्या पडद्यासमोर वाचणाऱ्याच्या बाजूनं बसले. नाव, शिक्षण, नोकरी, उंची. सगळं मी टाइप केलेलं. उजवा समास कोरा.

"काहीच नाही की," ती म्हणाली.

"तेच तर. मलाही हेच कळत नाहीय."

आम्ही दोघी त्या कोऱ्या जागेकडे बघत बसलो. बाहेर कुणाच्या तरी लूमचा खडखडाट चालू होता. साधारण मिनिट गेलं असेल. आणि समासात, अगदी जिथं काकांचा शेरा असायचा तिथं, एक तांबडी चौकट हळूच वर आली.

'दारू सुटत नाही? घरच्यांनी किती सोसायचं? कुणाला न कळता उपाय. आजच बोला.'

मंजिरीनं माझ्याकडे बघितलं. लई सोसलंसा हो बाई, असं शकुंतलाबाई का म्हणाल्या ते आत्ता कळलं. आणि मी काय उत्तर दिलं होतं? सवय झालीय.

"हे म्हेतरकाकांनी लिहिलंय?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही?"

"नाही गं बाई, शप्पथ."

"मग कुणी?"

मी पान बंद करून उघडलं. समास कोरा. दोघी पुन्हा वाट बघत बसलो. मिनिटानं चौकट आली, पण आता वेगळी: 'गुडघे धरलेत? जिना चढवत नाही?' तिसऱ्यांदा उघडलं तर केस उगवायचं तेल.

मंजिरी एकदम हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मला हसू येत नव्हतं, कारण तेल बघून मला वरुट्यांचा फोन आठवला, आणि गुडघ्यावरून तो पैलवान.

खाली रस्त्यापलीकडे तय्यबभाई मुजावरांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना मी हाक मारून वर बोलावलं. वयानं काकांच्या थोडे खाली, चष्म्याला दोरी, कशालाच न दचकणारा माणूस. खुर्चीत बसले, वाट बघितली, चौकट आल्यावर मान हलवली.

"जाहिरात हाय ही, ताई."

"पण आमच्या पानावर कशी? पासवर्ड घातल्याशिवाय उघडत नाही ते."

"पानावर न्हाईच ती. तुमच्या ब्राउझरात कोणतरी बसलाय, तो वरनं चिकटवतोय. मंडळाचं पान साफ हाय." त्यांनी कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करून एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या बटणांची, यादी उघडली. यादीत एकच नाव होतं. "हे 'छत्तीस गुण' कुणी घातलं?"

मंजिरीनं हळूच माझ्याकडे बघितलं.

"काय ओ ताई?"

"मीच," मी म्हटलं. "गुणमिलनासाठी. फुकट होतं."

"घालताना यानं काय मागितलं, वाचलंसा का?"

"हो म्हणा, पुढे जा, असं होतं. मी हो म्हणत गेले."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. परवानगीच्या खाली लिहिलं होतं: सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे. "दोन जन्मवेळांची बेरीज करायला याला तुमचं प्रत्येक पान कशाला वाचायचं? आणि बदलायचं कशाला? इथंच कळतंय की."

खरं होतं. ज्या मंडळात जावयाची तीन गल्ल्यांत चौकशी व्हायची, तिथं त्या बटणाची मी एका दारातसुद्धा चौकशी केली नव्हती. कोण बनवतो, कुठला, आधी कुणाकडे होता, लोक त्याच्याबद्दल काय बोलतात. काही नाही. फुकट म्हटल्यावर थेट माजघरात.

तय्यबभाईंनी ते काढून टाकलं, ब्राउझर बंद करून उघडला. 'छत्तीस गुण' परत आपल्या जागी.

"बघा," ते म्हणाले, जणू हे होणारच होतं. "याच्यासंगं अजून काय उतरवलंसा?"

"पंचांगाची फाइल होती एक. मराठी तिथी दिसाव्यात म्हणून."

"तोच आणतोय याला परत." त्यांनी कॉम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी काढली, तारखेप्रमाणे लावली. मी बटण घातलं त्याच दिवशीचा आणखी एक पाहुणा त्यात निघाला. आधी त्याला काढलं, मग बटणाला. मशीन बंद करून चालू केली. या खेपेला यादी मोकळी. मग त्यांनी सूचना पाठवायची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघितलं, अनोळखी नावं काढली. शोधायचं पान बदललेलं होतं, ते पूर्ववत केलं. शेवटी म्हणाले, "पासवर्ड सगळे बदला, पण आत्ता, हे गेल्यावर. आधी बदलले असते तर तेबी यानं वाचले असते."

"आणि पुढं?"

"पुढं काय. जे लागत न्हाई ते घालायचं न्हाई. लागतंय तर आधी बघायचं, काम केवढं आणि मागतंय केवढं." ते उठले, दारात थांबून म्हणाले, "ताई, पर ह्या जाहिराती तुम्हाला महिनाभर दिसल्या न्हाईत?"

दिसल्या होत्या. बातम्यांच्या पानावर, बसच्या वेळापत्रकावर, सगळीकडे. मला वाटलं, इंटरनेट असंच असतं. मंडळाच्या पानावर मात्र ती चौकट मिनिटभर कुणी हात लावला नाही की यायची, हात लागला की जायची. आणि ते मिनिट आम्ही नेमके गॅलरीत असायचो.

काका आल्यावर मी सगळं सांगितलं. बटण मी घातलं, हेही सांगितलं. ते रागावले नाहीत. चष्मा पुसला आणि विचारलं, "त्या महिन्यात किती घरं येऊन वाचून गेली?"

मी वही बघितली. "अकरा."

"अकराही घरांना फोन कर. तांबडं काय दिसलं ते विचार. आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं, एकेकाला वेगळं करून सांग."

मग तिन्ही गल्ल्यांत पुन्हा चौकशी करून आल्यावर त्यांनी कपाटातून जुना तांबड्या शाईचा पेन काढला आणि मला घेऊन सातपुत्यांकडे गेले. म्हेतरकाका कुणाच्या दारी शेऱ्याबद्दल बोलायला गेले, असं कधी झालं नव्हतं. सातपुते उठून उभेच राहिले.

"गजाननराव, ते तुम्ही वाचलंत ते माझं न्हवं," काका म्हणाले. "जाहिरात होती. मशीनमधली."

सातपुते गोंधळले. "जाहिरात तांबडी कशी? आणि तिथंच?"

"ते मलाबी कळलं न्हाई. तय्यबला कळलं. त्यानं काढली."

"मग तुमचा शेरा काय?"

"कोरा होता."

सातपुते माझ्याकडे बघत होते. दारुड्या भावाची बहीण म्हाताऱ्याला गळ घालून घेऊन आली आहे, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. काकांनीही ते वाचलं. त्यांनी खिशातून पेन काढला, कॅलेंडरचं एक जुनं पान मागून घेतलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं: 'पोरगा निर्मळ आहे. तिन्ही गल्ल्यांत पुन्हा विचारलं.' खाली सही केली. चांगल्या मुलाबद्दल काकांनी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. हे पहिलं.

कागद त्यांच्या हातात देऊन काका रिवाजाप्रमाणे बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. मीही. आतून आधी शकुंतलाबाईंचं हसू ऐकू आलं, मग सातपुत्यांचं.

दुसऱ्या दिवशी मी फोनला बसले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येकानं दोनदा विचारायचं. पैलवानाचं स्थळ परत पाठवणारे मामा फोनवर पाच मिनिटं नुसते हसले आणि म्हणाले, यायला सांगा परत पोराला. वरुट्यांचंही जुळून आलं. सगळ्यांना सांगताना माझा घसा बसला, आणि प्रत्येक वेळी 'कुणी घातलं हो ते?' या प्रश्नाला मी 'मशीनमध्ये आलं होतं' म्हणत होते. दहा फोन झाले. अकरावं नाव बाबासो मगदूम. मुलगी रेवती. यांनी कुरुंदवाडच्या मुलाचं पान वाचलं होतं, ज्याला काकांचा खरा शेरा होता. मी मनात म्हटलं, यांनी जे वाचायचं ते बरोबरच वाचलंय. यांना काय वेगळं सांगायचं? वही मिटली. पाच वाजले होते.

साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या मुहूर्तावर झाला. सातपुत्यांचा स्वभाव परत मोकळा झाला होता. कार्यालयाच्या दारात उभे राहून येईल त्याला सांगत होते, "आमच्या जावयाला मशीननं दारुडा ठरवलं होतं बघा. म्हेतर स्वतः आले घरी, म्हणाले, तांबडं ते माझं न्हवं." लोक पोट धरून हसत होते. अभयही हसत होता. काका पहिल्या रांगेत बसून लाजत होते.

मी जिलेबीचं ताट घेऊन पंगतीतून फिरत होते. एका गृहस्थांनी पानावर हात आडवा धरला. चेहरा ओळखीचा वाटला. पण नव्याण्णव जोड्यांचे नातेवाईक गावभर पसरलेले, मला सगळेच चेहरे ओळखीचे वाटायचे.

"ताई, एक विचारू?" ते म्हणाले. "म्हंजे त्या महिन्यात तिथं तांबडं आलेलं, ते मशीनचं व्हय?"

मागून कुणीतरी मठ्ठा मागत होतं. मी हसून म्हटलं, "हो, मशीनचंच."

"सगळं?"

"सगळं हो. वाढू का अजून?"

त्यांनी हात बाजूला घेतला. मी तीन कडी वाढली. ते मन लावून जेवले, हे मला आजही दिसतं. खूप दिवसांनी भूक लागलेला माणूस जेवतो तसे.

अभय-मंजिरीचा फोटो शंभराव्या खिळ्यावर लागला. काकांनी त्याला हार घातला आणि म्हणाले, आता मी मोकळा. पण मोकळे झाले नाहीत, येत राहिले. गुणमिलनासाठी मी पुन्हा गुरुजींकडे जायला लागले, तीन दिवस थांबायला लागले, अक्षर स्वच्छ काढायला लागले. त्यानंतरचा श्रावण आला तेव्हा एक दिवस औषधाच्या दुकानदारानं वर येऊन काकांना सांगितलं की मगदूमांची रेवती माहेरी परत आलीय, हात मोडलाय, कान गेलाय एका बाजूचा. नवरा पुण्याचा इंजिनिअर. कुरुंदवाडचा.

"आपल्याकडनं न्हवतं झालं ते," दुकानदार म्हणाला. "त्यांनी परस्परच जुळवलं, तिकडंच लग्न लावलं. मगदूम म्हणतोय, म्हेतराच्या हापिसातल्या बाईनंच सांगितलं, तांबडं सगळं मशीनचं होतं म्हणून."

दुकानदार खाली गेला. जिलेबी वाढताना पानावर आडवा धरलेला तो हात मला आठवला.

"शैला, मगदूमला फोन केला होतास?" काकांनी विचारलं.

"नाही."

ते उठून जिना उतरून गेले. वाटलं होतं काहीतरी बोलतील, निदान ओरडतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर माझ्या टेबलावर ती जुनी वही उघडून ठेवलेली होती, अकरा नावांचं पान. दहा नावांपुढं माझ्या खुणा. अकराव्यापुढं, उजव्या समासात, तांबड्या शाईत काकांचं अक्षर: 'विचारल्यावर न बघता उत्तर दिलं.'

काका खोलीत नव्हते. गॅलरीत, माझ्याकडे पाठ करून उभे होते, मला वाचून होईपर्यंत.

आता मांडायचंच तर असं आहे. काकांना खिळा मिळाला. सातपुत्यांना निर्मळ जावई मिळाला, अभयला मंजिरी, मंजिरीला हसायला एक गोष्ट, जी ती अजून पाहुण्यांना सांगते आणि मी ताटं उचलायच्या निमित्तानं आत जाते. गुरुजींना त्यांचं काम परत मिळालं. बटण बनवणाऱ्यालाही काहीतरी मिळालंच असणार, त्याशिवाय कुणी फुकट देत नाही. मला महिनाभर पाच वाजता घरी जायला मिळालं. आणि या सगळ्याचं भरलं रेवती मगदूमनं. पहिल्या भेटीला मुलीला आणायची आमच्याकडे पद्धत नव्हती, त्यामुळे तिनं तो पडदा कधी बघितलाच नव्हता.